हॅल्स्टेडचा हिशेब आणि नंतरची वर्षे

13 ऑक्टोबर 1804 रोजी जपानच्या की प्रांतात, म्हणजे आजच्या वाकायामात, हानाओका सेइशू या वैद्याने कान आइया नावाच्या साठ वर्षांच्या बाईच्या स्तनातली कर्करोगाची गाठ कापून काढली. धोतरा आणि बचनागाच्या जातीच्या वनस्पतींपासून, वर्षानुवर्षे प्रयोग करून, त्याने एक औषध तयार केले होते. ते आधी पाजल्यामुळे ती पूर्ण बेशुद्धीत होती. बॉस्टनमध्ये इथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले ते 1846 साली. म्हणून वैद्यकाच्या इतिहासात ही घटना भुलेच्या प्रकरणात सांगितली जाते. पण तिच्या हकिगतीत आणखी दोन गोष्टी आहेत. कानच्या बहिणी याच रोगाने गेल्या होत्या. आणि शस्त्रक्रिया नीट पार पडूनही ती स्वतः 26 फेब्रुवारी 1805 रोजी वारली. घराण्यात चालत आलेला रोग, शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रियेनंतरचे दिवस हे तिन्ही धागे या एका बाईच्या कहाणीत एकत्र आहेत. पहिल्या दोहोंचा इतिहास पुढे विपुल लिहिला गेला. तिसऱ्याचा फारसा कोणी लिहिला नाही, कारण दीडशे वर्षे तो वैद्यकाचा विषयच मानला गेला नव्हता.

आज ज्या बाईला एका स्तनात कर्करोग झाला आहे, आणि जिच्या रक्ततपासणीत बीआरसीए जनुकातला दोष सापडला आहे, तिला डॉक्टर दुसरा, निरोगी स्तनही काढण्याचा पर्याय सांगतात. बीजांडकोश काढण्याबद्दलही बोलतात. रोग नसलेला अवयव काढण्याची ही शस्त्रक्रिया मान्य कशी झाली, याचे प्रचलित उत्तर जनुकांच्या शोधाकडे बोट दाखवते. ते उत्तर अपुरे आहे. जनुकाने धोका किती ते सांगितले. पण शस्त्रक्रियेनंतर बाई कशी जगते, तिचा हात वर जातो का, तिला झोप लागते का, आरशासमोर उभे राहताना तिला काय वाटते, हे उपचाराच्या यशापयशात मोजायचे असते ही समज आल्याशिवाय प्रतिबंधक शस्त्रक्रियेचा प्रस्ताव कोणापुढे प्रामाणिकपणे ठेवता आला नसता. ही समज आणली ती मुख्यतः रुग्ण बायकांनी, आणि जनुक सापडण्याच्या कितीतरी आधी.

भूल सर्रास मिळण्यापूर्वीचा सर्वांत तपशीलवार पुरावा इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी हिचा आहे. 30 सप्टेंबर 1811 रोजी पॅरिसमध्ये नेपोलियनच्या सैन्याचा शल्यविशारद बॅरन लारे याने तिचा स्तन काढला, तेव्हा ती शुद्धीत होती. तिने बहीण एस्थर हिला या प्रसंगाचे जे पत्र लिहिले ते शस्त्रक्रियेच्या वर्णनासाठी प्रसिद्ध आहे. मला ते वेगळ्या कारणासाठी मोलाचे वाटते. हे पत्र पुरे करायला तिला कित्येक महिने लागले. त्या दिवसाबद्दल बोलणे तिला दीर्घकाळ जमत नव्हते, लिहिलेले पुन्हा वाचवत नव्हते. जखम भरली, ती पुढे 1840 पर्यंत जगली, आणि तिला खरोखर कर्करोगच होता का याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण जखम भरणे आणि माणूस सावरणे यांचे वेळापत्रक वेगवेगळे असते, याची ही पहिली भरभक्कम नोंद आहे, आणि ती रुग्णाच्या हातची आहे. डॉक्टरांच्या नोंदवह्या त्या काळात दुसऱ्याच कामात गुंतल्या होत्या. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका याने 1866 साली आपल्या पत्नीच्या घराण्याची चार पिढ्यांची वंशावळ प्रसिद्ध केली. त्यातल्या दहा बायका स्तनाच्या कर्करोगाने गेल्या होत्या. आनुवंशिकतेचा प्रश्न इतक्या स्पष्टपणे मांडला गेला, तरी त्या घरातल्या जिवंत मुलींनी काय करावे याला उत्तर नव्हते.

यानंतर आला विल्यम हॅल्स्टेड. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या या शल्यविशारदाने 1894 साली पन्नास रुग्णांचा अहवाल छापला. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी असे सगळे एकत्र, सलग काढून टाकण्याची त्याची पद्धत पुढची सुमारे ऐंशी वर्षे जगभर प्रमाण मानली गेली. त्याचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही; त्या काळात बायका छातीएवढ्या मोठ्या, फुटलेल्या गाठी घेऊन यायच्या, आणि शस्त्रक्रियेच्या जागी रोग परतण्याचे प्रमाण त्याने खरोखर खाली आणले. पण त्या अहवालातला एक विचार आजही अस्वस्थ करतो. हाताला येणारे अपंगत्व कितीही असो, प्राणांपुढे त्याची मातब्बरी नाही, असे त्याने म्हटले. आणि पुढे जोडले की या रुग्णांचे सरासरी वय पंचावन्नाच्या जवळपास आहे, त्या आता समाजात फारशा कामाच्या उरलेल्या नाहीत. हॅल्स्टेडच्या हिशेबाचे हे दोन खांब: एका पारड्यात जीव असल्याने दुसऱ्या पारड्यात काहीही चालेल, आणि बाईचे कामाचे दिवस तसेही संपलेले आहेत. पंचावन्न वर्षांच्या बाईने घर चालवलेले असते, नातवंडे सांभाळलेली असतात, शेतात राबलेले असते. तिच्या हाताला ‘कामाचा नाही’ ठरवणारा हा निवाडा कोणत्याही पुराव्यावर उभा नव्हता. आयुष्याच्या शेवटी, 1921 साली, शस्त्रक्रियेनंतर हत्तीपायासारख्या सुजणाऱ्या हातावर हॅल्स्टेडने स्वतंत्र लेख लिहिला. म्हणजे तो प्रश्न त्यालाही टाळता आला नाही. पण हिशेबाची मांडणी तोवर रूढ झाली होती.

आता प्रतिबंधक शस्त्रक्रिया या हिशेबात घालून पाहा. दोन्ही खांब कोसळतात. समोरची बाई पस्तीस-चाळिशीची असते, तिच्या त्या स्तनात रोग नसतो. तराजूच्या एका बाजूला आजचा मृत्यू नसून पुढच्या वीस-तीस वर्षांतली एक शक्यता असते. अशा वेळी शस्त्रक्रियेनंतरचे हाल ‘जीव वाचला ना’ म्हणून खोडून टाकता येत नाहीत. माझ्या मते या शस्त्रक्रियेचा इतिहासातला खरा परिणाम हाच: तिने शल्यविशारदांना नंतरच्या वर्षांचा जाब द्यायला लावले.

पण जाब विचारायची सवय त्याआधी कोणीतरी लावावी लागली होती. 1952 साली न्यूयॉर्कमध्ये तेरेस लॅसर या बाईंवर हॅल्स्टेड पद्धतीची शस्त्रक्रिया झाली. हात कधी हलवायचा, कपडे कसे घालायचे, नवऱ्याशी संबंधांचे काय, या त्यांच्या प्रश्नांना रुग्णालयात कोणाकडे उत्तर नव्हते. त्यांनी स्वतःच व्यायाम जुळवले: भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढणे, दोरी ओढणे, चेंडू दाबणे. मग त्या नव्याने शस्त्रक्रिया झालेल्या बायकांच्या खाटेपाशी जाऊ लागल्या. कित्येक डॉक्टरांना ही लुडबूड वाटली. तरी ‘रीच टू रिकव्हरी’ या नावाने हे काम वाढले आणि 1969 साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपल्या छत्राखाली घेतले. आज मुंबईपासून गावोगावच्या रुग्णालयांपर्यंत फिजिओथेरपिस्ट भिंतीवर बोटे चढवायला सांगतात. या व्यायामाच्या प्रसारात एका रुग्ण बाईच्या हट्टाचा केवढा वाटा आहे हे सहसा सांगितले जात नाही.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. बायकांचे हाल कमी झाले ते शल्यतंत्र सुधारल्यामुळे, चळवळीमुळे नाही, असे कोणी म्हणेल. बर्नार्ड फिशर यांनी 1971 पासून 1,665 बायकांवर केलेल्या चाचणीत स्नायू वाचवणारी शस्त्रक्रिया हॅल्स्टेडच्या शस्त्रक्रियेइतकेच आयुष्य देते हे दिसले. मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांनी 1981 साली आणि पुन्हा फिशर यांच्या गटाने 1985 साली दाखवले की लहान गाठ असेल तर स्तन राखूनही तेच साधते. काखेतली पहिली पहारेकरी ग्रंथी तेवढी तपासण्याची पद्धत 1990 च्या दशकात आली आणि हाताची सूज बरीच घटली. हे सगळे खरे आहे, आणि त्याचे श्रेय वैज्ञानिकांचेच. पण लॅसर यांचे काम या सर्वांच्या आधीचे, हॅल्स्टेडची शस्त्रक्रिया जशीच्या तशी चालू असतानाचे आहे. म्हणजे तंत्र न बदलताही सावरणे सुधारता येत होते. शिवाय फिशर यांना चाचणीत रुग्ण द्यायलाच अनेक शल्यविशारद तयार नव्हते. त्या काळी गाठीचा तुकडा तपासणे आणि स्तन काढणे एकाच भुलेत उरकले जाई. बाई गाठीच्या तपासणीसाठी झोपे आणि उठल्यावर छातीला हात लावून पाही. पत्रकार रोझ कुश्नर यांनी 1974 मध्ये स्वतःच्या आजारात हे नाकारले, त्यावर पुस्तक लिहिले, आणि 1979 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या परिषदेच्या तज्ज्ञ-मंडळात त्या बसल्या. तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या दिवशी व्हाव्यात असे त्या मंडळाने सांगितले. पुरावा एक गोष्ट, तो वापरायला लावणे दुसरी. दुसरी गोष्ट रुग्णांनी केली.

त्यांच्यातही एकमत नव्हते, आणि हे मतभेद मला या इतिहासाचा सर्वांत समृद्ध भाग वाटतात. कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचा स्तन 1978 साली काढला गेला. कृत्रिम स्तन लावून पूर्वीसारखे दिसले की झाले बरे, ही अपेक्षा त्यांनी 1980 च्या ‘द कॅन्सर जर्नल्स’ या पुस्तकात ठामपणे नाकारली. भेटीला येणाऱ्या स्वयंसेविकेच्या हातातल्या लोकरीच्या पॅडमध्ये सद्भावना असली, तरी त्या पॅडमागे बाईच्या दुःखापेक्षा बघणाऱ्यांच्या सोयीची काळजी जास्त आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. लॅसर यांच्या पिढीला घराबाहेर पडण्याचे बळ हवे होते, लॉर्ड यांना न लपण्याचे. दोघींच्या मागण्या खऱ्या होत्या. सावरणे म्हणजे काय हे बाईने ठरवायचे, हा मुद्दा या वादातूनच पक्का झाला. आज स्तनाची पुनर्रचना न करता छाती सपाट ठेवणाऱ्या बायका आणि पोटाच्या त्वचा-चरबीतून किंवा सिलिकॉनच्या रोपणातून नवा स्तन घडवून घेणाऱ्या बायका, दोघींनाही आपली निवड सांगायची जागा मिळते ती त्यामुळे.

जनुक सापडण्याआधीची प्रतिबंधक शस्त्रक्रिया मात्र या समजुतीपासून दूर होती. 1960 आणि 70 च्या दशकांत अमेरिकेत कातडी आणि बोंड ठेवून आतली ग्रंथी काढायची, आणि 1962 पासून उपलब्ध झालेले सिलिकॉनचे रोपण त्या जागी घालायचे, अशा शस्त्रक्रिया पुष्कळ झाल्या. त्यातल्या अनेक बायकांचा धोका म्हणजे केवळ गाठीगाठींचे स्तन. धोका कोणाचा किती, शस्त्रक्रियेने तो किती घटतो, आणि नंतर त्या बायकांचे काय झाले, या तिन्ही प्रश्नांना आकडे नव्हते. ते 1999 साली मिळाले. मेयो क्लिनिकच्या लिन हार्टमन आणि सहकाऱ्यांनी 1960 ते 1993 या काळात प्रतिबंधक शस्त्रक्रिया झालेल्या, कुटुंबात रोग असलेल्या 639 बायकांचा माग काढला. त्यातल्या 214 अतिजोखमीच्या होत्या. त्यांची तुलना कोणाशी करावी? संशोधकांनी त्यांच्या शस्त्रक्रिया न झालेल्या 403 बहिणी घेतल्या. बहिणींपैकी 156 जणींना स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी तिघींना. धोका सुमारे 90 टक्क्यांनी घटला, हे वाक्य पुढे सगळीकडे उद्धृत झाले. त्या टक्केवारीमागे बहिणी-बहिणींची तुलना आहे, हे फारसे सांगितले जात नाही.

जनुकांची कथा परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. घराण्यात चालत येणाऱ्या स्तनाच्या कर्करोगामागचा एक दोष सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे मेरी-क्लेअर किंग यांनी 1990 साली दाखवले. 1994 मध्ये बीआरसीए-1 आणि 1995 मध्ये बीआरसीए-2 हाती आले. आणि 2013 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निसर्गतः असलेल्या जनुकावर पेटंट घेता येणार नाही असा निकाल दिल्यावर तपासणीवरची एका कंपनीची मक्तेदारी संपली. दोष असलेल्या आई किंवा वडिलांकडून तो प्रत्येक अपत्याला मिळण्याची शक्यता निम्मी असते. ‘वडिलांकडून’ हा भाग आपल्याकडे वारंवार विसरला जातो. आत्या आणि वडिलांच्या आईचा इतिहास विचारलाच जात नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता बीआरसीए-1 मध्ये 72 आणि बीआरसीए-2 मध्ये 69 टक्के आहे. एका स्तनात रोग झाल्यानंतर वीस वर्षांत दुसऱ्यात होण्याची शक्यता अनुक्रमे 40 आणि 26 टक्के. चाचणीने शस्त्रक्रिया वाढवल्या तशा टाळल्याही: 1992 च्या सुमारास मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी एका घराण्यातल्या बाईला, स्तन काढण्याची तारीख ठरलेली असताना, घरचा दोष तिच्यात उतरलेला नाही असे सांगितले, आणि ती शस्त्रक्रिया रद्द झाली.

आधीच रुग्ण असलेल्या बाईसाठी दुसरा स्तन काढण्याचा फायदा किती? केली मेटकाफ आणि सहकाऱ्यांच्या 2014 च्या अभ्यासात, दोष असलेल्या 390 रुग्णांपैकी दोन्ही स्तन काढलेल्यांत वीस वर्षांनी 88 टक्के स्तनाच्या कर्करोगाच्या मृत्यूपासून वाचल्या होत्या, एकच काढलेल्यांत 66 टक्के. हे आकडे मोठे आहेत, पण ही चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नाही. ज्यांची प्रकृती आणि रोगाची स्थिती बरी, त्याच दुसऱ्या शस्त्रक्रियेपर्यंत जातात; फायद्याचा काही भाग तिथून आलेला असणार. आणि पहिल्या गाठीने शरीरात आधीच पाठवलेल्या पेशींवर दुसऱ्या स्तनाच्या शस्त्रक्रियेचा काहीच इलाज नसतो, हे रुग्णाला स्पष्ट सांगायलाच हवे.

मेयोच्या संशोधकांनी आणखी एक काम केले, आणि माझ्या युक्तिवादाचा मुख्य आधार तेच आहे. शस्त्रक्रियेनंतर सरासरी साडेचौदा वर्षांनी त्यांनी त्याच बायकांना प्रश्नावली पाठवली. 2000 साली छापलेल्या उत्तरांत 70 टक्के बायका समाधानी होत्या, 19 टक्के असमाधानी. कर्करोगाची काळजी कमी झाली असे 74 टक्क्यांनी सांगितले. शरीराच्या रूपाबद्दलचे समाधान घटले असे 36 टक्क्यांनी, आणि शरीरसंबंधांवर वाईट परिणाम झाला असे जवळपास चौथ्या हिश्श्याने. एका स्तनात रोग होऊन दुसरा प्रतिबंधासाठी काढलेल्यांना सरासरी दहा वर्षांनी विचारले तेव्हा 83 टक्के समाधानी होत्या. हॅल्स्टेडच्या अहवालात या रकान्यांना जागाच नव्हती. 2009 साली अँड्रिया पुसिक यांच्या गटाने ‘ब्रेस्ट-क्यू’ ही प्रश्नावली तयार केल्यावर बाईचे स्वतःचे उत्तर हे शस्त्रक्रियेच्या यशाचे अधिकृत माप झाले. एकाच बाईला भीती कमी झाल्याचे आणि स्पर्श हरवल्याचे दोन्ही अनुभव येतात. तिचे एक उत्तर दुसऱ्याने खोडता येत नाही.

कारण शरीराचे हाल ठोस आहेत. पहिल्या एक-दोन आठवड्यांत छातीतून बाहेर आलेल्या ड्रेनच्या नळ्या, त्यातला स्राव रोज मोजून लिहिणे, कुशीवर झोपता न येणे. मग खांद्याचा आखडलेपणा, काखेतून हातात उतरणाऱ्या ताणलेल्या दोऱ्या. त्वचेकडे जाणाऱ्या नसा कापल्या गेल्याने छाती बधिर होते, आणि बऱ्याच जणींत ती बधिरता पूर्ण कधीच जात नाही. नवा स्तन दिसायला कितीही सुबक झाला तरी स्पर्श त्याच्यासोबत परत येतोच असे नाही. याहून कमी बोलला जाणारा भाग बीजांडकोशांचा. ते आणि बीजवाहिन्या काढल्याने बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका मोठ्या प्रमाणात घटतो, आणि तो रोग लवकर पकडण्याची भरवशाची तपासणी नसल्याने ही शस्त्रक्रिया स्तनाच्या शस्त्रक्रियेपेक्षाही आग्रहाने सुचवली जाते: बीआरसीए-1 मध्ये साधारण 35 ते 40, बीआरसीए-2 मध्ये 40 ते 45 या वयात. पोटावरची छिद्रे आठवड्यात भरतात. पण पाळी एका दिवसात जाते. अंगातून निघणाऱ्या वाफा, उडालेली झोप, योनीचा कोरडेपणा, पुढे हाडांची झीज. निरोगी बाईला काही वर्षे संप्रेरके देऊन हे सुसह्य करता येते. जिला स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे तिला सहसा ती देता येत नाहीत. म्हणजे ज्या बाईबद्दल हा लेख आहे तिचाच सावरण्याचा काळ सर्वांत लांब, आणि ‘टाके निघाले, आता बरी झालीस’ असे तिलाच सर्वांत लवकर ऐकवले जाते.

रुग्णांच्या आवाजाला इतके महत्त्व दिल्यानेच अनावश्यक शस्त्रक्रिया वाढल्या, हा दुसरा आक्षेप. अमेरिकेत 1998 ते 2003 या काळात स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियांत दुसरा निरोगी स्तन काढण्याचे प्रमाण 1.8 वरून 4.5 टक्क्यांवर गेले, आणि पुढेही वाढत राहिले. त्यातल्या बहुतेक बायकांत जनुकदोष नव्हता. त्यांना आयुष्याच्या दृष्टीने फायदा दिसलेला नाही. 2013 साली अभिनेत्री अँजेलिना जोलीने आपल्या प्रतिबंधक शस्त्रक्रियेबद्दल लिहिल्यानंतर ब्रिटनमधल्या आनुवंशिकता-चिकित्सालयांत पाठवल्या जाणाऱ्या बायकांची संख्या काही महिने सुमारे अडीचपट झाली. आक्षेप गंभीर आहे, पण त्याचा रोख चुकतो. भीतीपोटी घेतलेल्या निर्णयावर उतारा म्हणजे धोक्याचा खरा आकडा आणि नंतरच्या वर्षांची खरी माहिती. चौदा वर्षांनंतरची उत्तरे आधी समोर ठेवली, तर जिला दुसरी शस्त्रक्रिया नको तिला ‘नको’ म्हणणे सोपे जाते. नियमित एमआरआय तपासणी हाही मान्य मार्ग आहे, आणि तो निवडणारी बाई निष्काळजी ठरत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाची एक जुनी बाजू आहे. 1941 साली परळला सुरू झालेले टाटा मेमोरियल रुग्णालय आणि डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने 1963 पासून चालू झालेली मुंबईची कर्करोग-नोंदणी यांमुळे या शहरातल्या समाजांची तुलना करता आली, आणि पारशी बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त असल्याचे दिसले. उशिरा लग्ने, कमी मुले आणि आपसातले विवाह यांपैकी कशाचा वाटा किती, यावर चर्चा झाली. ही नोंदणी रोग आणि मृत्यू मोजण्यासाठी उभारलेली होती, आणि तेवढ्यासाठी ती अमोल आहे. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी किती जणींचा हात डोक्याच्या वर जातो, हे मोजणारी यंत्रणा मात्र तिच्या शेजारी उभी राहिली नाही.

आपल्याकडे आधी वेळेवर उपचार मिळोत, सावरण्याच्या गोष्टी श्रीमंतांच्या, असे कोणी म्हणेल. मला हे उलटे वाटते. भारतातल्या रुग्णांचे सरासरी वय पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा साधारण दशकभराने कमी आहे. लोकसंख्या तरुण असण्याचा त्यात वाटा असला तरी समोरच्या बाईपुढे कामाची आणखी वीस-पंचवीस वर्षे असतात, हे बदलत नाही. ती भात लावते, धुणीभांडी करते, भाकरी थापते, दांडीवर कपडे वाळत घालते. तिचा खांदा आखडला तर घराची मिळकत थांबते. भिंतीवर बोटे चढवायला भिंतीपलीकडे काही लागत नाही, ते शिकवायला एक परिचारिका आणि अर्धा तास पुरतो. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड-जीवनसत्त्व, योनीच्या कोरडेपणाबद्दल न लाजता बोलणारी एखादी डॉक्टर, सहा महिन्यांनी हाताचा घेर मोजणारी टेप, हे जिल्हा रुग्णालयाच्या आवाक्यातले आहे. जनुक-चाचणी अजून महाग वाटते, आणि मुलीचे लग्न जमायचे आहे म्हणून तिचा निकाल लपवणारी घरे आहेत. निकाल कळवताना त्या मुलीशी, तिच्या भावाशी आणि वडिलांच्या बहिणींशी बोलायला समुपदेशक हवा, आणि त्याची फी चाचणीच्या किमतीतच धरलेली हवी.